हेल्मेटची काच कुणाच्या खात्यात?

प्रति,
पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे आणि चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांचे सेफ्टी ऑफिसर, एचआरवाले आणि त्यांच्या वरचे साहेब यांस,



आपल्या शॉपफ्लोअरवर कुणी गॉगल न लावता ग्राइंडरसमोर उभा राहिला, तर आपण त्याचं काम तिथल्या तिथे थांबवता. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा लेखी, तिसऱ्यांदा गेटबाहेर. आपलं बरोबरच आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात डोळ्यांच्या संरक्षणासाठी ३५ वं कलम वेगळं काढून ठेवलेलं होतं. त्या वेळी चाकणमध्ये डोळ्यांना पाणी आणायला कांद्याचा बाजार पुरेसा होता, आणि पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना व्हायला अजून सहा वर्षं होती. कारखाने इथे पोचायच्या आधी कामगाराच्या डोळ्यांची काळजी कायद्यात पोचली होती, याचं मला कौतुकच वाटतं.

मी लिहितो आहे ते त्याच डोळ्यांबद्दल, पण ते गेटवर पोचायच्या आधीच्या पाऊण तासाबद्दल.

सकाळी सहाच्या सुमारास नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा, कुरुळी असं करत चाकणपर्यंत या. वीसेक किलोमीटर. फर्स्ट शिफ्टची पोरं गाड्या दामटत असतात. डोक्यावर हेल्मेट असतं, कारण आपण गेटवर ते बघता. हेल्मेटची काच मात्र कपाळावर चढवलेली असते. पुढे उघडा डंपर, त्यातून उडणारी वाळू आणि कच, कडेला मोशीच्या खाणींची पांढरी भुकटी, रस्त्याच्या कामांचा मुरूम, कंटेनरचा धूर. हे सगळं झेलत आलेला माणूस सातला पंच करतो, लॉकर उघडतो आणि आता मात्र गॉगल लावतो. तोवर डोळे लाल झालेले असतात. लाइनवरचा सुपरवायझर विचारतो, रात्री झोपला नाहीस का रे?

वाऱ्याचा हिशेब आधी सांगतो, कारण तो आपल्यातले बरेच इंजिनिअर असूनही कुणी मांडलेला दिसत नाही. हवामान खात्याच्या प्रतवारीत वारा ताशी ६२ किलोमीटरला पोचला की त्याला चक्रीवादळ म्हणतात. मोशीच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला की पोरगा साठनं जातो. म्हणजे झाडाचं पान हलत नसतानाही त्याच्या डोळ्यांवर जवळपास चक्रीवादळाचा वारा आदळत असतो. समोरून थोडी हवा सुटली असेल तर उरलेले दोन किलोमीटरही भरून निघतात. (चाकणच्या तळेगाव चौकात गाडी ताशी सहानंही सरकत नाही, हे मान्य. तिथे वारा नसतो, सायलेन्सर असतात.)

आता तो वारा काय करतो ते. डोळ्यावर अश्रूंचा एक पडदा सतत पसरलेला असतो. जाडी किती? मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या तीनेक भागांइतकी. आत चिकट थर, मध्ये पाणी आणि वर तेल. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींमधून येतं आणि बरणीतल्या लोणच्यावर तेलाचा थर करतो तेच काम करतं: खालच्या थराला हवा लागू देत नाही. पापणी मिटली-उघडली की पडदा पुन्हा नीट पसरतो. निवांत बसलेला माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या लववतो. पण रहदारीतून वाट काढणारा माणूस टक लावून बघतो आणि पापणी लववणं कमी होतं. एकीकडे वाऱ्यानं बाष्पीभवन वाढलेलं, दुसरीकडे पडदा नव्यानं पसरत नाही. मग तो मध्ये मध्ये फाटतो आणि कोरडे डाग पडतात. खाली बुबुळावरचा पारदर्शक कॉर्निया असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात, तो प्राणवायू हवेतून, या पडद्यातूनच घेतो. आणि मज्जातंतूंचं जाळं त्याच्याइतकं दाट शरीरात फार थोड्या ठिकाणी असेल. म्हणून एवढंसं काही झालं तरी चुरचुरतं, खुपतं.

फेब्रुवारी ते मे या काळात आपल्याकडची दुपारची हवा इतकी कोरडी होते की बाहेर वाळत घातलेला शर्ट अर्ध्या तासात कडक होतो. त्या हवेत सेकंड शिफ्टला निघालेल्या माणसाच्या डोळ्यांचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

यावर हमखास मिळणारं उत्तर असं: "कोरडे कुठले, माझ्या डोळ्यांतून तर पाणी वाहतं." तेच तर कोरडेपणाचं लक्षण आहे. डोळा वाळला की मेंदू घाईघाईनं पाणी सोडतो. त्या पाण्यात तेलाचा अंश पुरेसा नसतो, ते टिकत नाही, गालावरून ओघळून जातं आणि खालचा डोळा पुन्हा कोरडा. वर त्या पाण्यामुळे समोरचं धूसर दिसतं ते वेगळंच. हा माणूस मग मनगटानं डोळा चोळतो. मनगटावर रस्त्याची सगळी धूळ असते.

आणि चिलट किंवा खडा थेट डोळ्यात गेला तर? पहिल्या पावसानंतर संध्याकाळी वाळवीची पाखरं दिव्यांभोवती घोंघावतात, तेव्हा गाडी चालवणाऱ्याला हे विचारायची गरज पडत नाही. साठच्या वेगात गाडी एका सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. डोळा गच्च मिटून दोन सेकंद गेले की तेहतीस मीटर गाडी आंधळी चाललेली असते. नाशिक रस्त्यावर कुठल्याही वेळी पुढच्या तेहतीस मीटरांत काय काय असतं, ते आपण आपल्या गाडीच्या मागच्या सीटवरून रोज बघता.

इथे आपण म्हणाल, काच आहे ना, खाली घ्यावी, एवढं कळत नाही का? कळतं. काच वर का राहते, हा प्रश्न आपल्यापैकी कुणी पार्किंगमध्ये जाऊन विचारला असेल असं वाटत नाही. मी विचारत आलो आहे आणि मिळणारी उत्तरं शहाण्या माणसांची आहेत.

पहिलं कारण ओरखडे. हेल्मेटची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट. दणका सोसायला उत्तम, पण ओरखड्यांना फार हळवं. तिच्यावर बसलेली धूळ म्हणजे खाणीतला दगडच, बारीक केलेला. तो शर्टाच्या बाहीनं कोरडा पुसला की काच घासली जाते. आपल्याच शॉपमधला कॉटन वेस्ट आणि थिनर वापरून ती चकचकीत करणारेही आहेत. थिनरनं पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. सहा-आठ महिन्यांत दिवसा दूध सांडल्यासारखी आणि रात्री त्याहून वाईट काच होते. समोरून येणाऱ्या ट्रकचा हेडलाइट त्या प्रत्येक ओरखड्यावर फुटतो आणि पुढचं काहीच दिसत नाही. मग रात्री बाराला सेकंड शिफ्ट सुटलेला माणूस काय करेल? काच वर करेल. खड्डा दिसणं आणि डोळा वाचवणं यांत निवड करायची वेळ आली तर मीही खड्डाच निवडेन.

दुसरं कारण काळी काच. दुकानात ती देखणी दिसते म्हणून घेतली जाते, आणि हेल्मेटसोबत एकच काच येते. युरोपच्या नियमांत हेल्मेटच्या काचेतून किमान ८० टक्के प्रकाश आरपार जावा लागतो. त्याहून गडद काचेवर ती केवळ दिवसा वापरायची आहे असा शिक्का असतो. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेल्या काचांना कुठला शिक्का आणि कुठली टक्केवारी! शिफ्टमधल्या माणसाचा अर्धा प्रवास अंधारातला. काळी काच त्याला निम्म्या वेळी निरुपयोगी, तर उरलेल्या वेळी ती खाली घ्यायची सवयच गेलेली.

तिसरं, वाफ. पावसाळ्यात आणि डिसेंबरच्या पहाटे, तोंडावर रुमाल बांधलेला असला की श्वास वर जातो आणि काच आतून धुरकट होते. चष्मा असेल तर दोन्ही धुरकटतात. चौथं कारण लोक जरा लाजत सांगतात: काच सैल झाली आहे, वेगात आपोआप खाली पडते किंवा फडफडते, म्हणून सेलोटेपनं वर चिकटवून टाकली आहे. आपल्या पार्किंगमध्ये अशी हेल्मेटं शोधायला लांब जावं लागणार नाही.

एवढं सगळं नीट ऐकून घेतल्यावर "शिस्त नाही" असं म्हणायचा धीर मला होत नाही.

कायद्याकडे पाहावं, तर तिथे डोकं आहे, डोळे नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेट सक्तीचं आहे, ते डोक्याला नीट बांधलेलं हवं असंही म्हटलं आहे. कलम १९४-ड मध्ये हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित. १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय हेल्मेट विकता येत नाही. केंद्रीय नियमांप्रमाणे नवी गाडी घेताना हेल्मेट सोबत मिळालं पाहिजे. डोळ्यांचं नाव यात कुठे येत नाही. १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात पोलिसांनी सक्ती कडक केली तेव्हा किती वाद झाले! समित्या झाल्या, आंदोलनं झाली, मानेचा त्रास, केसगळती, ऐकू न येणं, सगळं चर्चेला आलं. काचेबद्दल दोन्ही बाजू गप्प. त्याच्या चारच महिने आधी पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं होतं. चौकात उभे राहणारे त्यांचे हवालदार स्वतः दिवसभर तीच धूळ खातात, तेव्हा त्यांना तरी काय सांगायचं. काच कपाळावर चढवलेला माणूस त्यांच्यासमोरून जातो आणि त्यांच्या दृष्टीनं तो कायदा पाळणाराच असतो.

गंमत अशी, की देशातल्या दुचाकींचा इतिहास याच पट्ट्यात घडला. आकुर्डीत चेतक बनायची, चाकणमध्ये पल्सर बनते. जुन्या चेतकवर कित्येक जण पुढे मोठी पारदर्शक काच बसवून घ्यायचे. टोपीवाले आजोबा त्या काचेमागे डोळे उघडे ठेवून चाळीसनं जायचे. गाड्यांचा वेग वाढला आणि काच गेली. वेगाबरोबर ती वाढायला हवी होती, असं आपलं मला वाटतं.

आता मुख्य मुद्दा. आपलं म्हणणं मला ठाऊक आहे: गेटच्या आत आमची जबाबदारी, बाहेरचा रस्ता आमचा नाही. हे म्हणणं पूर्वीइतकं भक्कम राहिलेलं नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात निकाल दिला. पहाटे तीनच्या ड्यूटीसाठी तो मोटारसायकलवरून निघाला होता. २००३ साली, कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल, तर नोकरीच्या ओघात झालेला मानता येतो, असं न्यायालयानं भरपाईच्या कायद्याबाबत म्हटलं. ईएसआयच्या कायद्यात तर हे तत्त्व कलम ५१-ई म्हणून २०१० पासूनच होतं. हा निकाल डोळ्यांबद्दलचा नाही आणि त्यानं आपल्यावर काचा वाटायचं बंधन येत नाही, हे मी जाणतो. पण पहाटे तीनची ड्यूटी लावणाऱ्यानं पहाटे अडीचच्या रस्त्याकडे पाठ फिरवू नये, इतकं तरी त्यातून वाचता येतं.

आणि रस्त्यावर कोण असतं हेही बघा. बहुतेक ठिकाणी कायम कामगाराला कंपनीची बस आहे. गाडीवर येतो तो कंत्राटी, ट्रेनी, अप्रेंटिस. चिखली, मोशी, कुरुळीत खोली करून राहणारा, बीडचा, लातूरचा, विदर्भातला किंवा बिहारचा. त्याच्या गाडीचा हप्ता चालू असतो. हेल्मेट त्यानं रस्त्याच्या कडेचं घेतलेलं असतं. त्याचा पगार ठेकेदार काढतो, त्यामुळे त्याच्या डोळ्यांची नोंद आपल्या कुठल्याच रजिस्टरला होत नाही. शॉपमध्ये गेल्यावर मात्र त्याच डोळ्यांनी त्यानं आपला मायक्रोमीटर वाचायचा असतो.

मागणं मोठं नाही. नवी स्वच्छ काच काही शे रुपयांना येते. पार्किंगमध्ये महिन्यातून एक दिवस, शिफ्ट बदलण्याच्या वेळी, काचा बदलून देणारा माणूस बसवा. काच पारदर्शक द्या. कुणी काळी मागितली तर हसून नाही म्हणा. पार्किंगच्या नळाशेजारी साबणाचं पाणी आणि मऊ फडकी ठेवा आणि तिथे एकच ओळ लिहा: काच आधी भिजवा, मग पुसा. थिनरचा डबा शॉपमध्येच राहू द्या.

ज्यांच्या हेल्मेटला काच बसतच नाही, त्यांना बाजूनं झाकणारा पारदर्शक सेफ्टी गॉगल रस्त्यासाठी वेगळा द्या. आपल्या स्टोअरमध्ये ते खोक्यांनी पडलेले असतात. तेही पॉलिकार्बोनेटचेच असतात, त्यामुळे उन्हातली अतिनील किरणं जवळपास सगळी अडतात. मात्र शॉपमधला घासलेला गॉगल "घे, हाच लाव" म्हणून गळ्यात मारू नका. घेताना दांड्या हेल्मेटखाली कानाला रुततात का, हे एकदा घालून बघा. रुतणारा गॉगल तिसऱ्या दिवशी डिकीत जातो. नंबरचा चष्मा असलेल्यांना वाटतं आपलं भागलं. चष्म्याच्या बाजूनं वारा आत शिरतो आणि डोळ्यासमोरच गिरक्या घेतो, तेव्हा त्यांनाही वर काच हवीच. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना तर आधी हवी, कारण वाऱ्यात लेन्सच वाळते.

आपल्या ओएचसीबद्दल, म्हणजे कारखान्यातल्या दवाखान्याबद्दल, थोडं कडक लिहितो. कोरड्या डोळ्यांसाठी कृत्रिम अश्रूंचे साधे थेंब असतात, ते तिथे ठेवा. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि महिन्याभरानं फेकून द्या. मेडिकलवाल्याकडून "लाल डोळ्यांचा ड्रॉप" घेण्याची जी सवय आहे ती मोडायला मदत करा. अशा ड्रॉपमध्ये अनेकदा स्टेरॉइड असतं. त्यानं दोन दिवस बरं वाटतं. डॉक्टरांना न विचारता महिनोन्महिने टाकत राहिलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदूची वाट मोकळी होते, आणि बुरशीचा संसर्ग असेल तर तो भडकतो. शेतातलं कूस किंवा पाचोळ्याचा कण डोळ्यात गेल्यावर असा संसर्ग होऊ शकतो, आणि चाकणच्या आसपास शेती अजून संपलेली नाही. प्रत्येक शॉपमध्ये रुमालाच्या टोकानं किंवा काडीनं डोळ्यातला कण काढून देणारा एक तज्ज्ञ असतो, त्यालाही निवृत्त करा. स्वच्छ पाण्यानं डोळा धुऊन कण निघाला नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच पाठवा. लोखंडाचा कण एक रात्र राहिला तरी कॉर्नियावर गंजाचं कडं धरतो.

वर्षानुवर्षं ऊन, वारा, धूळ खाल्लेल्या डोळ्यात नाकाच्या बाजूनं मांस वाढत बुबुळावर येतं, ते आपल्या जुन्या ड्रायव्हरांमध्ये आणि रखवालदारांमध्ये बघायला मिळेल. हे सगळं हळूहळू होतं, म्हणून कुणी धावत नाही. २०२३ च्या जुलैत आळंदीत डोळे यायची साथ आली तेव्हा शाळांत तपासण्या झाल्या, वर्तमानपत्रांत रोज आकडे आले. ती साथ होती, गेली. धुळीची साथ बारमाही, तिचे आकडे कुणी छापत नाही.

नाशिक फाटा ते खेड हा तीस किलोमीटरचा आठपदरी उन्नत रस्ता केंद्रीय मंत्रिमंडळानं ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केला आहे. तो झाला की सगळं सुटेल असं आपल्यापैकी काही जण म्हणतात. सुटेलही. पण तीस किलोमीटरचे खांब उभे राहीपर्यंत त्यांची माती आणि सिमेंट कुणाच्या डोळ्यांत जाणार? डंपरवर ताडपत्री आणि रस्त्यावर पाणी मारणं ही कामं महापालिकेची, महामार्गवाल्यांची आणि ठेकेदारांची आहेत. त्यांना वेगळं पत्र लिहीन, आणि त्याची भाषा इतकी सौम्य असणार नाही.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. आपल्याकडे त्या दिवशी शपथ होते, बॅज लावतात, घोषवाक्यांची स्पर्धा होते आणि बक्षीस बहुधा ऑफिसमधल्या कुणाला तरी मिळतं. या वेळी तो कार्यक्रम सभागृहातून पार्किंगमध्ये न्या. टूलबॉक्स टॉकची दहा मिनिटं तिथे घ्या, प्रत्येकाला आपलं हेल्मेट हातात धरून काचेतून समोरची नंबरप्लेट वाचायला सांगा. ज्याला वाचता येणार नाही त्याची काच त्याच दिवशी बदला. ठेकेदाराच्या माणसांनाही त्याच रांगेत उभं करा. खर्च ठेकेदाराच्या बिलात टाकायचा की कंपनीच्या पीपीईच्या खात्यात, ते अकाउंट्सवाल्यांना विचारून ठरवा. फक्त पोरांच्या पगारातून कापू नका.

आपला,
नाशिक रस्त्यावरचा एक दुचाकीस्वार,
पिंपरी